निरंक

अर्जाच्या ज्या रकान्यात भरायला काही नसतं, तिथे आम्ही टायपिस्ट लोक 'निरंक' मारतो. रकाना कोरा दिसला की टेबलावरचा बाबू अर्ज परत करतो. निरंक दिसलं की शिक्का मारतो. पस्तीस वर्षांत हा शब्द किती वेळा मारला असेल त्याची मोजदाद नाही. बोटांना पाठ आहे. त्यातला एक मात्र फार महाग पडला. मला नाही, दुसऱ्याला.

माझी बैठक नागपुरात, सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयाच्या बाहेर. एक टेबल, दोन गोदरेज मशीन, एक मराठी आणि एक इंग्रजी. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा आणि रिबिन सुकू नये म्हणून मशीनवर फडकं. पुढे कॉम्प्युटर आले, मग गुडघे गेले, तेव्हा बैठक उठवून हुडकेश्वरला घरीच समोरच्या खोलीत दुकान लावलं. मी इथे प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला तूर आणि पऱ्हाटी उभी असायची. आता लेआउटला लेआउट लागून आहे. ज्याच्या प्लॉटला एनआयटीची, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची, आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे तो छाती काढून चालतो, ज्याच्या नाही तो दर निवडणुकीत आशेवर असतो. माझं अर्धं टायपिंग या आरएलवरच चालतं. उरलेलं अर्धं म्हणजे शपथपत्रं, भाडेपट्टे, गॅपचे दाखले.

तो आला २०२१ च्या दिवाळीनंतर, रात्री नऊच्या सुमारास. म्हाळगीनगर चौकाच्या अलीकडे त्याचं ग्रिल-शटरचं वर्कशॉप होतं. माझ्या घराचं फाटक त्याच्याच हातचं. भरभराटीत होता तेव्हा हाताखाली तीन पोरं होती. हुडकेश्वर वाढत होतं, नव्या घराला आधी ग्रिल लागते मग रंग, त्यामुळे त्याला कामाची कमी नव्हती. मग २०२० चा मार्च आला, लॉकडाऊन लागलं. एका बिल्डरने दोन इमारतींच्या ग्रिली लावून घेतल्या आणि हात वर केले. लोखंड उधारीवर आणलेलं. पतसंस्थेचा हप्ता भरायला भिशी उचलली, भिशी भरायला मित्राकडून हातउसने घेतले. या टोपीखालचं त्या टोपीखाली असं दीड वर्ष चाललं.

हातात मोबाईलवरून काढलेले चार कागद होते. म्हणाला, "काकाजी, नवा कायदा आला म्हणते. कमाई साठ हजाराच्या खाली असली तर सारं कर्ज माफ. तेवढा अर्ज मारून द्या."

कागद खरे होते. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. तिच्यात साध्या माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याची एक सोय लिहिलेली आहे: वर्षाची कमाई साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नको. याचं कर्ज होतं सहा लाखांच्या वर. आणि ते पस्तीस हजार असतं तरी उपयोग नव्हता. संहितेचा माणसांबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. वेल्डर, टेलर, पानठेलेवाला, यांच्यासाठी तो छापलेलाच राहिला. कंपन्यांसाठी लॉकडाऊनमध्ये सरकारने वर्षभर नादारीच्या नव्या प्रकरणांना कुलूप लावलं होतं. फाटक बनवणाऱ्यासाठी कुलूपही नाही आणि किल्लीही नाही.

"मग माझ्यासाठी काही नाहीच का जी?"

होतं. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा, बाकी बहुतेक मुलखाला हा. नव्या संहितेत तो रद्द केल्याचं कलम आहे, पण ते कलमही अमलात आणलेलं नव्हतं. म्हणजे इंग्रजांच्या वेळचा कायदा नागपुरात जिवंत. माझ्याकडे त्याची कव्हर गेलेली जुनी प्रत होती. किमान पाचशे रुपयांचं कर्ज असलं की अर्ज करता येतो. १९२० मध्ये पाचशे म्हणजे मोठी रक्कम, आज ती गॅसच्या एका सिलिंडरालाही पुरत नाही. पण कायद्यात पाचशेच लिहिलेले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या पिढीला नादारी हा शब्द कोर्टाने नाही, शाळेने शिकवला. बापाची ऐपत नसली की फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. गुरुजी वर्गात यादी वाचत आणि नावं आलेली पोरं उभी राहत. मी दरवर्षी उभा राहिलेला आहे. दिवाळं या शब्दाची सांगतात ती गोष्ट तर त्याहून वाईट: पूर्वी बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवत असे, म्हणजे येणाऱ्याने समजून जावं. या दोन्ही शब्दांत पैशापेक्षा उभं राहणं आणि दिसणं जास्त आहे. त्यामुळे तो माझ्यासमोर खुर्चीच्या काठावर का बसला होता, हे मला विचारावं लागलं नाही.

वकील करू म्हटलं तर त्याने जे उत्तर दिलं ते मला अजून खोडता आलेलं नाही. "काकाजी, मी वकील घेऊन गेलो तर लोखंडवाला काय म्हणेल? याच्यापाशी वकिलाले द्यायले आहे, मले द्यायले नाही." मग मी विधी सेवा प्राधिकरणाचं सांगितलं. न्यायमंदिरातच, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच ऑफिस आहे, अर्ज केला आणि निकषात बसलं तर फुकट वकील मिळतो. फुकट म्हणताच तो उठून उभा राहिला. सहा लाखांची नादारी जाहीर करायला निघालेल्या माणसाला फुकटचा वकील नको होता. मला हसू आलं नाही. मी त्या यादीत उभा राहिलेलो आहे.

कोर्टात स्वतःचं प्रकरण स्वतः चालवता येतं. रोजनाम्यात वकिलाच्या जागी 'पार्टी इन पर्सन' असं येतं. टायपिस्टला मात्र सल्ला द्यायची परवानगी नाही. तो सांगेल ते टाइप करायचं, एवढंच आमचं काम. फुटपाथवरचा प्रत्येक टायपिस्ट हे सांगतो, आणि प्रत्येक जण सल्ला देतो.

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसलो. कायद्याचं तेरावं कलम सांगतं की अर्जात काय काय हवं: कर्ज फेडता येत नाही हे स्पष्ट लिहायचं, प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम द्यायची, आपली सगळी मालमत्ता किमतीसह मांडायची, आणि ती कोर्टाच्या हवाली करायला तयार आहोत असं म्हणायचं. त्याच्या बायकोने वहीच काढली. ती बोलत गेली, मी मारत गेलो. इतवारीतला लोखंडवाला, १,८४,०००. पतसंस्था, २,१०,०००. फायनान्स कंपनी, ९६,०००. भिशीवाल्या बाई, ६०,०००. तीन मित्र, ३०,००० आणि २५,००० आणि १५,०००. बेरीज ६,२०,०००.

"आणखी कोणी?"

"ताईचे पंचेचाळीस आहे," बायको म्हणाली.

"ते कर्ज नोहे," तो म्हणाला. "ताई काय मागून राहिली का?"

मी बायकोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बेरजेची रेघ मारली.

मग मालमत्ता. वेल्डिंग मशीन, ग्रायंडर, ड्रिल. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत, दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, हेही त्यातच. घर भाड्याचं. गाडी विकलेली. राहिला एक प्लॉट. पिपळ्याच्या बाजूला, हप्त्याने घेतलेला. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करारनामा, अडीच लाख भरलेले, बाकी द्यायचे. रजिस्ट्री नाही, आरएल नाही.

आता माझी हुशारी सांगतो. १९२० च्या कायद्यात दोन वाटा आहेत. एक नेहमीची: मालमत्ता ताब्यात घेणारा रिसीव्हर, धनकोंची अनुसूची, राजपत्रात नाव. दुसरी आखूड, चौऱ्याहत्तराव्या कलमाची: मालमत्ता पाचशे रुपयांच्या वर जाणार नाही अशी कोर्टाची खात्री पटली, तर सगळं संक्षेपाने उरकता येतं, आणि कोर्टाने मुद्दाम सांगितलं नाही तर राजपत्रातली प्रसिद्धीही टळते. त्याला सगळ्यात जास्त भीती होती छापून येण्याची. पोरगी बारावीला होती. मी म्हटलं, "रजिस्ट्री नाही ना झाली? मग प्लॉट तुझा कसला?" तो काही बोलला नाही. मालमत्तेच्या रकान्यात मी 'निरंक' मारलं, आणि खाली आखूड वाटेची विनंती.

त्या रात्री मला छान झोप लागली. वकिलाने दहा हजार घेतले असते ते काम आपण तीन पानांत बसवलं, असं वाटत होतं.

तारखेला त्याच्यासोबत गेलो. हुडकेश्वरहून मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मेडिकल, अजनी, बर्डी, असा तास मोडतो. तो वाटभर तोंडपाठ म्हणत होता, "माझं म्हणणं असं आहे साहेब." कोर्टात तसं काही म्हणावं लागलं नाही. लोखंडवाल्याच्या वकिलांनी एक अर्ज दिला. त्याला जोडलेला होता एक फोटो. प्लॉटचं भूमिपूजन, नारळ फोडतानाचा. तीन वर्षांपूर्वी यानेच आनंदाने लोखंडवाल्याच्या मोबाईलवर पाठवलेला, आशीर्वाद असू द्या म्हणून.

साहेबांनी विचारलं, "हा प्लॉट कोणाचा?"

"माझाच जी."

"मग अर्जात निरंक का?"

त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मी दाराशी उभा होतो. मग पुन्हा साहेबांकडे वळून म्हणाला, "चूक झाली साहेब. माझी."

माझी असं तो म्हणाला. बाहेर आल्यावरही त्याने मला एक शब्द लावला नाही. समोरच्या टपरीवर दोघांनी तर्री पोहे मागवले आणि दोघांच्याही प्लेटा तशाच राहिल्या.

रात्री प्रत उघडली. एकोणसत्तरावं कलम: फसवण्याच्या हेतूने मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद. हेतू नव्हता हे मला माहीत, त्याला माहीत. कागदाला माहीत नव्हतं. तो म्हणाला, अर्ज मागे घेऊन टाकू. तेही हातात नव्हतं. चौदाव्या कलमाप्रमाणे नादारीचा अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. एकदा दिवा लावला की फुंकर मारून विझवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला न सांगता विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथल्या वकील मॅडमनी तीन पानं चाळली. दहा मिनिटं लागली नसतील. म्हणाल्या, "रजिस्ट्री नसली तरी करारातून आलेला हक्क आहे ना? पैसे भरलेत ना? मग मालमत्ता आहे." मग बहिणीबद्दल विचारलं. मी तर बहिणीचं नावही काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, असा एक तरी नातेवाईक असतोच, लोक त्याला कर्जात धरत नाहीत. पस्तीस वर्षं कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून बसलो, आणि भिंतीच्या आत जायला एवढा वेळ लागला.

मग बदलाचा अर्ज केला. नाव भारदस्त ठेवलं नाही, साध्या मराठीत लिहिलं. मालमत्तेत करारातला हक्क दाखवायचा राहिला, तो दाखवत आहे. एक धनको राहिली, तिचं नाव जोडत आहे. आखूड वाटेची विनंती सोडून देत आहे. प्रकरण नेहमीच्या पद्धतीने चालावं. ही वाट बदलायची सोय कायद्यातच आहे. आखूड वाटेवर असलेलं प्रकरण कोर्ट कधीही नेहमीच्या वाटेवर आणू शकतं. शपथपत्राखाली सही करताना त्याचा हात थांबला. "आता छापून येईल ना?" "येईल." त्याने सही केली.

बहिणीचं प्रकरण अवघड गेलं. ती उमरेडची. धनको म्हणून कर्ज शाबीत करायला शपथपत्र लागतं. ती माझ्या खोलीत बसून म्हणाली, "भावाच्या विरोधात मी शपथ घेऊ? मी कधी मागितले का तुमाले?" विरोधात नाही, यादीत, हे तिला समजवायला चहाचे दोन कप गेले. शेवटी तिने सही केली ती रागाने. मला वाटतं राग पैशाचा नव्हता. आपण दिलेलं आधी वगळलं गेलं होतं, हे तिला वहिनीने सांगितलं होतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात कोर्टाने त्याला नादार ठरवलं. रिसीव्हर नेमला. मुक्ततेसाठी अर्ज करायला मुदत दिली. राजपत्रात नाव, पत्ता आणि धंदा छापून आला. हुडकेश्वरात राजपत्र वाचणारा मी एकटा, त्यामुळे जगबुडी झाली नाही. त्रास झाला तो वेगळ्याच कलमाचा. बहात्तरावं: मुक्तता न झालेल्या नादाराने आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर गुन्हा. मी त्याला हे वाचून दाखवलं आणि पस्तावलो. तो म्हणाला, "म्हणजे दूधवाल्याले सांगू?" त्या दिवसापासून त्याच्या बायकोने दूध रोज नगदी घेतलं. किराण्याची वही बंद केली. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यासमोर सावकार असेल, पण पन्नास रुपये मात्र दुधाला लागू पडले.

नादार ठरलं की सुटलो, असा लोकांचा समज असतो. तसं नाही. मुक्तता वेगळी मागावी लागते. आणि बेचाळिसाव्या कलमात एक आठ आण्यांची अट बसलेली आहे: मालमत्ता कर्जाच्या रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर ते आपल्या दोषाने झालेलं नाही हे पटवल्याशिवाय पूर्ण मुक्तता मिळत नाही. त्याच्या प्लॉटच्या हक्काला गिऱ्हाईक होतं २,४०,०००चं. कर्ज, बहीण धरून, ६,६५,०००. पुरते सहा आणेही नाहीत. बिल्डरने बुडवलं हे सांगता आलं असतं, वहीही होती. पण तो म्हणाला, "काकाजी, मले असं सुटायचं नाही. दुकान तर इथंच टाकायचं आहे ना."

त्याचा मावसभाऊ न्यू जर्सीत. त्याने फोनवर सांगितलं की तिकडे लोक आधी दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या चॅप्टरमध्ये जातात, तीन ते पाच वर्षं कोर्टाच्या देखरेखीखाली हप्ते भरतात, आणि नाहीच जमलं तर एक अर्ज देऊन सातव्यात जातात, जे विकण्यासारखं आहे ते सोडून देतात आणि मोकळे होतात. तो हक्कच आहे ऋणकोचा. याला ते उलट करायचं होतं. आधी सगळं सोडून दिलं, आता हप्ते मागायचे. आमच्या कायद्यात त्यासाठी अडतिसावं कलम आहे, तडजोडीच्या प्रस्तावाचं. आणि नागपूरला ही कल्पना काही परकी नाही. मंदीत कापसाचा भाव कोसळला तेव्हा मध्य प्रांताने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा करून मंडळं नेमली होती, शेतकरी आणि सावकार समोरासमोर बसवायला. तेव्हाही मूळ प्रश्न हाच: रुपयात किती?

आम्ही साठ पैसे लिहिले. ६,६५,०००चे साठ पैशांनी ३,९९,०००. प्लॉटचा हक्क रिसीव्हरमार्फत विकून २,४०,००० एकदम. उरलेले १,५९,००० दरमहा ५,३०० प्रमाणे तीस हप्त्यांत. हा हिशेब मी मारण्याआधी त्याच्या बायकोने वहीवर चारदा केला. मी या वेळी तोंड उघडलं नाही. प्रस्ताव छापून आधी मॅडमना दाखवला. त्यांनी एक ओळ वाढवली.

धनकोंची बैठक पोळ्यानंतरच्या मारबतीच्या आदल्या आठवड्यात होती. कायदा दोन मोजपट्ट्या लावतो: हजर असलेल्या, कर्ज शाबीत केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश. दोन्ही हवं. मित्र तिन्ही आले तरी लोखंडवाला फिरला तर सगळं बुडतं. फायनान्स कंपनीचं कोणी आलंच नाही. उरले सात जण, ५,६९,०००. तीन चतुर्थांश म्हणजे ४,२६,७५०. भिशीवाल्या बाई उभ्या राहून म्हणाल्या, माझे पैसे माझे नाहीत, बारा बायांचे आहेत, साठ पैसे मी कोणाला वाटू? त्यांचं काही चुकलं नव्हतं. तीस हजारवाला मित्रही विरोधात गेला. पतसंस्थेचा माणूस ठराव घेऊन आला होता, हो म्हणाला. बहीण हो. दोन मित्र हो.

राहिला लोखंडवाला, १,८४,०००. त्याच्याविना आमचे भरत होते २,९५,०००. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे.

त्याने याला विचारलं, "मशीन चालू आहे का?"

"आहे जी."

"मग माल माझ्याकडूनच घे. नगदी." आणि वकिलांकडे वळून, "हो लिहा."

फोटो त्यानेच दिला होता, आणि हो पण त्यानेच म्हटलं. मी घरी येताना याच्यावर पुष्कळ विचार केला. त्याला प्लॉट नको होता, याला बुडवायचंही नव्हतं. खोटं लिहिलेलं त्याला खपलं नाही, एवढंच असावं. खोटं माझं होतं.

कोर्टाने प्रस्ताव मंजूर केला. नादार ठरवल्याचा हुकूम रद्द झाला, आणि रद्द झाल्याचंही राजपत्रात छापून आलं. ते पान मी आणून दिलं. त्याने घडी करून देवघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, पोरीच्या मार्कशीटांसोबत. हप्ता चुकला तर चाळिसाव्या कलमाखाली पुन्हा नादार ठरवता येतं, हे त्याला मी एकदाच सांगितलं. नंतर दर दहा तारखेला तो स्वतःच पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन यायचा आणि माझ्या फाइलीत लावून जायचा. तीस पावत्या आहेत.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये नादारी अर्जाचा नमुना आहे. मालमत्तेच्या रकान्यात आता सहा ठिपके ठेवले आहेत. त्यानंतर दोघे आले, एक नरसाळ्याचा आणि एक बेस्याचा. दोघांनाही तीच चार पानं मोबाईलवर मिळाली होती.

अशी वेळ तुमच्यावर आली तर वकील करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण यादी करताना बहिणीला धरा, भावाला धरा, नोटरीचा कागद धरा, आणि ती यादी घेऊन आधी न्यायमंदिरातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. तिथे पैसे लागत नाहीत. त्यानंतर माझ्याकडे या. टायपिंगचे पानाला तीस रुपये.